सातनंतरचं केंद्र कोणाचं?

“संध्याकाळी सातनंतर स्थानिक रेडिओ ऐकतं कोण?” हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा उत्तर नको असतं, होकार हवा असतो. तो एकदा मिळाला की पुढचं गणित सरळ आहे. सात वाजले की लोक टीव्हीपुढे बसतात, श्रोत्यांचा आलेख खाली येतो, स्टुडिओत मात्र निवेदक, निर्माता आणि फोन घेणारा अशी माणसं अडकून पडतात. मग इतक्या केंद्रांवर इतके कार्यक्रम कशाला? एकच करू, चांगला करू, बाहेरच्या कंपनीकडून करून घेऊ आणि सगळीकडे एकदम सोडू.

इंग्लंडमध्ये बीबीसीने जानेवारी २०१३ पासून हे करून दाखवलं. ३९ स्थानिक केंद्रं, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते दहा, मार्क फॉरेस्ट यांचा एकच कार्यक्रम. तो लीड्सहून व्हायचा आणि त्याची निर्मिती एका स्वतंत्र कंपनीकडे होती. कॉर्नवॉलला जे ऐकू येई तेच कंब्रियाला. आपल्याकडच्या सहक्षेपणाच्या पुरस्कर्त्यांसाठी हा दाखला आयता आहे: बीबीसीला जे पटलं ते आपल्याला का पटू नये? म्हणून तो नीट तपासायला हवा. माझं मत आधीच सांगून टाकतो. तो निर्णय चुकीचा होता, पैशांची अडचण खरी धरूनही चुकीचा होता, आणि कार्यक्रम कितीही चांगला झाला असता तरी चुकीचाच राहिला असता.

अडचण खरी होती, हे मान्य करू. २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने बीबीसीचं परवाना शुल्क वर्षाला एकशे साडेपंचेचाळीस पौंडांवर गोठवलं आणि वर्ल्ड सर्व्हिसचा खर्चही बीबीसीच्याच गळ्यात घातला. पुढच्या वर्षी महासंचालक मार्क थॉम्पसन यांनी काटकसरीचा आराखडा आणला. स्थानिक रेडिओवरचा त्यातला मूळ घाव आणखी खोल होता. दुपारचे कार्यक्रमही शेजारच्या केंद्रांनी वाटून घ्यावेत, असं त्यात होतं. लोक खवळले, बीबीसीवर तेव्हा देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने फेरविचार करायला लावला, आणि शेवटी तडजोड झाली. दुपार बहुतांशी वाचली, संध्याकाळ गेली. तेव्हा हा सौदा शहाणपणाचा वाटला असणार. जिथे ऐकणारे कमी, तिथे कात्री लावली तर ओरडणारेही कमी.

आता आलेखाकडे येऊ. संध्याकाळी ऐकणारे कमी असतात, हे मी नाकारत नाही. पण २०१३ च्या आधीही कित्येक केंद्रांच्या संध्याकाळी शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्याच होत्या. आधी निम्मा स्थानिकपणा काढून घ्यायचा, मग ऐकणारे घटले म्हणून उरलेलाही काढायचा, आणि या दुसऱ्या पायरीला आकडेवारीचा आधार आहे म्हणून सांगायचं. शिवाय सरासरी ही गोष्टच संध्याकाळच्या रेडिओला लागू पडत नाही. सकाळचा कार्यक्रम सगळ्यांचा असतो. संध्याकाळचा तास आज लोकसंगीताच्या शौकिनांचा, उद्या ब्रास बँडवाल्यांचा, परवा गावातल्या कॅरिबियन किंवा आयरिश वस्तीचा. प्रत्येक गट लहान. पण त्या लहान गटाला ही जागा दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

लेस्टरचंच पाहा. बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र ८ नोव्हेंबर १९६७ ला तिथेच सुरू झालं. पुढे पाचच वर्षांत इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. लोक आलेच. बहुतेक गुजराती, काही पंजाबी. आणि त्याच दशकात रेडिओ लेस्टरने या नव्या रहिवाशांसाठी संध्याकाळी सहाचा एक कार्यक्रम सुरू केला. आलेख मांडून बसलेल्या कुणी तेव्हा विचारलं असतं, तर हा कार्यक्रम उभाच राहिला नसता. शहरातली बहुसंख्य माणसं त्या वेळी दुसरं काहीतरी करत होती. तोच कार्यक्रम वाढत गेला, १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या केंद्राबरोबर मिळून एशियन नेटवर्क झाला आणि २००२ मध्ये देशभर पोहोचला. नगर परिषदेने ज्यांना येऊ नका म्हटलं, त्यांना त्या शहराच्या रेडिओने संध्याकाळी जागा दिली आणि त्यातून राष्ट्रीय वाहिनी निघाली. आता कल्पना करा की १९७६ च्या सुमाराला लेस्टरची संध्याकाळ लीड्सच्या एका कंपनीकडे कंत्राटाने दिलेली आहे. हा तास कुणाकडे मागायचा होता?

संगीताचंही तेच. नॉटिंगहॅमचा जेक बग सतरा वर्षांचा असताना २०११ च्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात बीबीसी इंट्रोड्यूसिंगच्या मंचावर गायला. या उपक्रमाची मुळं स्थानिक केंद्रांच्या रात्रीच्या, आठवड्याच्या शेवटच्या तासांत आहेत. तिथला निर्माता गावातल्या पोरांनी पाठवलेली ध्वनिमुद्रणं ऐकत बसतो. लीड्सहून कुणी ती ऐकली नसती असं मी म्हणत नाही. पण ती पाठवायची कुठे, हे पोरांना कळलं नसतं.

एसटीच्या मुक्कामी गाडीचा हिशेब इथे चपखल बसतो. रात्री गावात जाणारी ही गाडी अर्धी रिकामी असते. तिच्या त्या फेरीचं उत्पन्न काढून ती बंद करणारा अधिकारी कागदावर बरोबरच असतो. फक्त सकाळी कॉलेजची आणि बाजाराची भरलेली गाडी सुटायला गावात गाडीच उरत नाही. स्थानिक केंद्रांची सकाळ अशीच संध्याकाळच्या जिवावर चालते. नवा निवेदक सकाळच्या कार्यक्रमावर थेट बसत नाही. तो आधी संध्याकाळी, कमी श्रोत्यांपुढे, अडखळत शिकतो. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांना विचारा, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

सामाईक कार्यक्रमाच्या बाजूने दुसरा मुद्दा दर्जाचा मांडला जातो. ३९ साधारण कार्यक्रमांपेक्षा एक उत्तम कार्यक्रम काय वाईट? मोठे पाहुणे येतील, निवेदक नावाजलेला असेल. फॉरेस्ट नावाजलेले होतेच. व्हर्जिन रेडिओ आणि क्लासिक एफएम या दोन्हींवर त्यांनी काम केलं होतं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जो कार्यक्रम कॉर्नवॉलच्या मच्छीमाराला आणि शेफील्डच्या निवृत्त पोलादकामगाराला एकाच वेळी चालायला हवा, त्यात काय बोलायचं? कुणाच्याच गावातल्या रस्त्याचं नाव घेता येत नाही, कुणाच्याच नगर परिषदेशी भांडता येत नाही. उरतात ते देशभर चालणारे विषय, आणि देशभर चालणाऱ्या विषयांसाठी इंग्लंडमधल्या श्रोत्याजवळ रेडिओ टू होता, रेडिओ फोर होता, फाइव्ह लाइव्ह होता. बीबीसीजवळ जे भरपूर होतं त्यात तिने आणखी एकाची भर घातली, आणि त्यासाठी मोडलं ते, जे तिच्याखेरीज दुसरं कुणी करत नव्हतं. व्यापारी स्थानकांची तर केव्हाच साखळी झाली होती. त्यांच्याकडे आधी रात्री सामाईक झाल्या, मग संध्याकाळी, मग दुपारी. २०१८ मध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाने नियम सैल केल्यावर पुढच्याच वर्षी हार्टसारख्या वाहिनीची सकाळसुद्धा लंडनहून होऊ लागली.

एक गंमत मात्र सांगायला हवी. फुटबॉलचा सामना असला की केंद्रांना सामाईक कार्यक्रम सोडून आपल्या संघाचं धावतं वर्णन करायची मुभा होती. म्हणजे स्थानिकपणाला संध्याकाळी श्रोते नसतात, हा सिद्धांत मांडणाऱ्यांनाही सामन्याच्या रात्री तो लागू करायची हिंमत झाली नाही.

या मुभेवरूनच तिसरा आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा निघतो. आपत्ती आली तर केंद्र सामाईक कार्यक्रम तोडू शकतं, मग बिघडलं कुठे?

५ डिसेंबर २०१३ ची रात्र घेऊ. उत्तर समुद्रात वादळाने उचललेलं पाणी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून दक्षिणेकडे सरकत होतं. संध्याकाळी हल आणि बॉस्टन, रात्री उशिरा ग्रेट यारमथ आणि लोस्टॉफ्ट. हेम्सबीमध्ये किनाऱ्यावरची घरं समुद्रात कोसळली. १९५३ नंतरचं हे सर्वांत मोठं उधाण होतं. आणि ब्रिटनच्या घड्याळात पावणेदहाच्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली की नेल्सन मंडेला गेले. त्या क्षणापासून राष्ट्रीय वाहिन्या मंडेलांच्या झाल्या, आणि तसंच व्हायला हवं होतं. पण लोस्टॉफ्टचं पाणी अजून चढायचं होतं. कुठला पूल बंद झाला, कुठल्या शाळेत आसरा आहे, हे सांगायची जागा त्या वेळी एकच होती.

१९५३ मध्ये तीही नव्हती. ३१ जानेवारीला लिंकनशरच्या किनाऱ्यावर पाणी संध्याकाळीच शिरलं होतं. तिथून ते किनाऱ्याने खाली उतरत गेलं आणि मध्यरात्रीनंतर टेम्सच्या मुखाशी कॅन्वी बेटावर पोहोचलं. मध्ये कितीतरी तास होते. पण टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, एका परगण्याचं दुसऱ्याला कळवायची व्यवस्था नाही; कॅन्वीची माणसं झोपेत सापडली. इंग्लंडमध्ये त्या रात्री ३०७ माणसं गेली. समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये १,८०० च्या वर. तिथला रेडिओ रात्री बंद होत असे.

२०१३ ला केंद्रांना मुभा होती, बरोबर. पण ते उधाण हवामानाच्या नकाशावर आधीपासून दिसत होतं. येणार हे ठाऊक असलेल्या संकटासाठी माणसं थांबवून ठेवता येतात. जे सांगून येत नाही त्याचं काय? कार्यक्रम तोडायचा तर तोडायला केंद्रावर माणूस हवा, त्याला अधिकार हवा, आणि पोलीस, पालिका, धरणाचं कार्यालय यांतलं कोण खरं सांगतं हे त्याला माहीत हवं. तीन तास दुसऱ्या गावाहून तयार येत असताना असा माणूस रोज पगार देऊन कुणी बसवत नाही. बसवला तर जी बचत करायची होती तीच उरत नाही. हा युक्तिवाद स्वतःच्याच हिशेबात अडकतो.

अमेरिकेतलं मायनॉट हे गाव याच कारणासाठी रेडिओच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. नॉर्थ डकोटातल्या या गावाची सहा व्यापारी रेडिओ स्थानकं एकाच कंपनीची होती, क्लिअर चॅनलची. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला गावाबाहेर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. एक माणूस दगावला, शेकड्यांनी आजारी पडले. पोलिसांनी स्थानकाला फोन लावले. कुणी उचलले नाहीत. लोक अंधारात रेडिओ लावून बसले होते आणि रेडिओवर गाणी चालू होती. कंपनीचं म्हणणं वेगळं आहे. स्थानकात माणूस होता, आणि आपत्कालीन इशारा पाठवायची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असं तिने सांगितलं. ते खरं धरलं तरी चित्र फारसं बदलत नाही. जिथे रोजच्या ओळखीचा माणूस बसलेला असतो, तिथे पोलीस यंत्रणेची वाट पाहत नाहीत, त्याच्या घरी जाऊन दार ठोठावतात.

आता कंत्राटाबद्दल. सामाईक कार्यक्रम आणि बाहेरून करून घेतलेला सामाईक कार्यक्रम या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दुसरी अधिक वाईट. स्वतंत्र निर्मात्यांनी रेडिओवर उत्तम काम केलं आहे. माहितीपट, श्रुतिका, एखादी मुलाखतमालिका बाहेर द्यायला काहीच हरकत नाही, कारण ती वस्तू तयार होते आणि हातात येते. रोजची संध्याकाळ अशी हातात देता येत नाही. करारात लिहिता येतं ते मोजता येतं: किती तास, कोण निवेदक, आठवड्याला किती पाहुणे. निवेदकाने फोनवरच्या म्हातारीला नावाने ओळखावं, हे कुठल्या कलमात बसवणार? कंपनी बांधील असते ती कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्याला. श्रोत्याची तक्रार स्थानिक केंद्राकडे जाते, केंद्र म्हणतं हा कार्यक्रम आमचा नाही, कंपनी म्हणते आम्ही मागितलं तसं दिलं. तिघंही प्रामाणिक, आणि तक्रार जिथल्या तिथे. पुढे २०१६ मध्ये निवेदक बदलला, जॉर्जी स्पॅनस्विक आल्या. किती गावांना ‘आपला’ निवेदक गेल्यासारखं वाटलं असेल, याची मला शंकाच आहे.

या सगळ्यावर बीबीसीनेच निकाल दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये, स्थानिक रेडिओला पन्नास वर्षं झाली तेव्हा, महासंचालक टोनी हॉल यांनी सामाईक संध्याकाळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्थानिक रेडिओवर येऊ घातलेली एक कोटी पौंडांची कपातही त्यांनी रद्द केली. संध्याकाळ पुन्हा केंद्रांच्या ताब्यात आली. दाखला देणारे हे प्रकरण सहसा सांगत नाहीत. सांगितलंच तर असं म्हणतात की बघा, परत मिळालीच ना, नुकसान काय झालं?

नुकसान ३१ ऑक्टोबर २०२२ ला दिसलं. त्या दिवशी बीबीसीने जाहीर केलं की दुपारी दोननंतर केंद्रांनी कार्यक्रम वाटून घ्यायचे. दुपारी दोन ते सहा देशभर मिळून अठरा कार्यक्रम, सहा ते दहा दहाच. कारण पुन्हा तेच, पैसा आणि बदललेल्या सवयी; फक्त या वेळी वाचवलेला पैसा ऑनलाइन बातम्यांकडे वळवायचा होता. मार्च आणि जून २०२३ मध्ये पत्रकारांनी संप केले. तरीही वर्षभरात ते अमलात आलं. २०१२ मध्ये जी दुपार वाचवण्यासाठी संध्याकाळ दिली होती, ती दुपार दहा वर्षांनी गेली, आणि परत मिळालेली संध्याकाळही तिच्यामागे गेली. संध्याकाळ देऊन काहीच विकत घेता आलं नव्हतं. फक्त स्थानिक केंद्र दिवसाच्या काही भागापुरतंच स्थानिक असलं तरी चालतं, ही कल्पना एकदा मान्य झाली होती, आणि तो भाग किती हे ठरवणं एवढंच पुढच्यांच्या हाती उरलं होतं.

आपल्याकडे हे अजून अर्ध्यावर आहे. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने एका कंपनीला आपल्या देशभरातल्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम चालवायची परवानगी दिली. त्याआधी ती एकाच विभागातल्या लहान शहरांपुरती होती. स्वतःच्या बातम्या द्यायची या वाहिन्यांना मुभा नाही, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. म्हणजे जळगाव किंवा नांदेडच्या वाहिनीत त्या गावाचं असं जे काही असतं, ते निवेदकाच्या बोलण्यातच. रात्रीचा कार्यक्रम मुंबईहून आला की तेवढंही उरत नाही. आणि आकाशवाणीचं म्हणाल, तर जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ती बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. गदारोळ झाला, तेव्हाच्या माहिती व प्रसारण मंत्र्यांनी, अनुराग ठाकूर यांनी, स्थगिती दिली. त्या निर्णयाचा बचाव आठवून पाहा: बातमीपत्र बंद होत नाही, फक्त वाचलं दुसरीकडून जाईल. श्रोत्याच्या वाट्याचं एक मिनिटही कमी होणार नव्हतं. मिनिटं मोजणाऱ्याला हे बिनतोड वाटतं, कारण पुण्यातला वार्ताहर ज्या पत्रकार परिषदेला जाऊन प्रश्न विचारतो, ती त्याच्या मोजणीत येतच नाही.

आता मोबाइल आहे, व्हॉट्सॲप आहे, स्थानिक रेडिओ हवाच कशाला, हाही आक्षेप येतो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये मोबाइल बंद पडले होते, एवढं त्यावर पुरे.

काटकसर करावीच लागणार असेल तर ती कशी करावी याबद्दलही बोलायला मी तयार आहे. तीन तासांची संध्याकाळ परवडत नसेल तर एक तास ठेवा, पण तो केंद्राचा स्वतःचा, थेट आणि फोन उघडा असलेला ठेवा. उरलेले दोन तास जुनी ध्वनिमुद्रणं लावा, आकाशवाणीच्या कपाटांत ती भरपूर आहेत. वाटून घ्यायचंच असेल तर राज्याच्या नकाशावर एक वर्तुळ काढून घेऊ नका. ज्यांची सुखदुःखं एका वाटेने जातात त्या केंद्रांची जोडी लावा. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आज साताऱ्याची असते आणि नंतर तीच सांगलीची होते. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे पावसाळ्यात अख्खी सांगली विचारत असते, आणि त्याचं उत्तर पाटणला आणि कऱ्हाडला आधी ठाऊक असतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी शिरोळच्या शेतकऱ्याला हवी असते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर यांनी जून ते सप्टेंबर संध्याकाळी एक कार्यक्रम मिळून केला, आपापल्या निवेदकांनी आळीपाळीने, आपापल्या स्टुडिओतून, तर मी त्याचं स्वागत करेन. मात्र तोच कार्यक्रम एखाद्या कंपनीने मुंबईतून करून द्यायची निविदा काढली, तर त्या निविदेत रात्री साडेनऊला शिरोळहून येणारा फोन कोण उचलेल याचं कलम कुठे आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारलं पाहिजे.